मराठी शाळेचं पोर्ट

जाहीर निवेदन. तमाम वाचक, त्यांचे शेजारीपाजारी आणि त्यांच्या घरातली चालू-बंद सर्व यंत्रं यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की, प्रस्तुत लेखक आग विझवत नाही. त्याने आजवर एकही आग विझवलेली नाही आणि यापुढे विझवण्याचा त्याचा इरादाही नाही. सबब बिदर, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, कलबुर्गी व आसपासच्या समस्त गिरणीमालकांनी आपल्याकडची लाल नळकांडी भरून घेण्यासाठी त्याला फोन करू नये.

हे सांगावं लागतं, कारण माझा धंदा फायरवॉलचा, आणि आमच्या भागात त्याचं 'फायरवाला' होऊन गेलं आहे. कलबुर्गीच्या एका डाळमिलवाल्या अण्णांनी मला अगत्याने बोलावलं, चहा पाजला आणि गिरणीभर फिरवून खांबाखांबावर टांगलेली नळकांडी दाखवली.

मी म्हणालो, "अण्णा, मी हे भरत न्हाई. मी कॉम्प्युटरला फायरवॉल बसवतो."

"असं व्हय. म्हंजे कॉम्प्युटरला आग लागली की येताव."

"तवा बी येत न्हाई."

अण्णांनी मला खालून वर पाहिलं. "मग तुमी येताव तरी कामून?"

या अंकाच्या संपादकांनी 'धंद्यातले काही गमतीदार अनुभव लिहा' असं सांगितलं, तेव्हा आधी अण्णांचंच वाक्य आठवलं. गमतीदार आठवणी बऱ्याच आहेत. पण लिहायला बसलो की त्यांच्यातली गंमत कुठेतरी गळून जाते आणि हातात दुसरंच काहीतरी राहतं. ते का, हे शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल.

तर फायरवॉल म्हणजे एक चपटी पेटी. मोठ्या पुस्तकाएवढी, दिसायला अगदी सामान्य. बाहेरून येणारी इंटरनेटची वायर आधी हिच्यात शिरते आणि मग हिच्यातून ऑफिस, गोदाम, दुकान असे फाटे फुटतात. कोण आत येतंय, कोण बाहेर जातंय, कुणाला कुणाशी बोलायची परवानगी आहे, हे सगळं ही पेटी बघते. वायरी जिथे खोचायच्या त्या चौकोनी खाचांना पोर्ट म्हणतात. पेटी घेताना माणूस म्हणतो, चार पोर्टं खूप झाली. मग मुलगा हाताशी येतो, वर मजला चढतो, पलीकडची जागा मिळते, आणि एके दिवशी मला फोन येतो: "पोर्टं संपली. या."

नवी पेटी घ्यायची कुणाचीच तयारी नसते. मग आम्ही पेटीची पाठ बघतो. बऱ्याच पेट्यांना मागे एक रिकामा कप्पा असतो, त्यावर पत्र्याची पट्टी आणि दोन स्क्रू. पट्टी काढायची, नवीन कार्ड आत सरकवायचं, खट्ट असा आवाज आला की बसलं. त्याच जुन्या पेटीला आणखी चार पोर्टं फुटली. तो 'खट्ट' ऐकायला मला अजून आवडतं. आयुष्यात इतक्या स्वच्छ आवाजात फारशा गोष्टी जागेवर बसत नाहीत.

पण खरी गंमत पुढे आहे. नव्या पोर्टात वायर खोचली की हिरवा दिवा लागतो. गिऱ्हाईक खूश होतं, त्याला वाटतं काम झालं. त्या दिव्याचा अर्थ एवढाच असतो की, वायरीच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी आहे. त्याला आत येऊ द्यायचं की नाही, हे ठरायचं असतं. ते ठरून मी पेटीत नियम लिहीपर्यंत दिवा तेवत राहतो, पलीकडचा हाका मारत राहतो आणि अलीकडे एक अक्षर पोचत नाही. हे बाहेरच्या माणसाला समजावणं, हेच माझं निम्मं काम.

बसवकल्याणच्या साडीच्या दुकानात मात्र मला दुसरंच समजावावं लागलं. आयुधपूजेनंतर त्यांची अर्धी पेटी मुकी झाली होती. जाऊन पाहतो तर पेटीला विभूतीचे पट्टे, वर कुंकू, आणि जेवढी पोर्टं रिकामी होती तेवढ्यांत झेंडू. देठासकट, घट्ट. फुलांच्या मागोमाग मुंग्या आत गेल्या होत्या.

मी दुकानाच्या अक्कांना विचारलं, "अक्का, हे कुणी केलं?"

"मीच की. सणाच्या दिवशी लक्ष्मीचं काय रिकामं ठिवायचं? बरं दिसत न्हाई ते."

मी चिमट्याने एकेक पाकळी काढत होतो आणि अक्का शेजारी उभं राहून मला 'हळू काढा, हळू काढा' सांगत होत्या. पेटी दुखेल म्हणून नव्हे, प्रसाद सांडेल म्हणून. त्या पेटीला पुढे कार्ड बसवलं. तेव्हापासून दर दसऱ्याआधी मी तिथल्या रिकाम्या पोर्टांना रबरी बुचं लावून येतो आणि अक्का बुचांवर कुंकू लावतात. दोघांचंही समाधान होतं.

कलबुर्गीच्या एका हाडांच्या डॉक्टरांचं समाधान मला करता आलेलं नाही. त्यांनी दवाखान्याला कार्ड बसवून घेतलं तेव्हा एक पोर्ट राखून ठेवायला सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या एका खोलीपर्यंत वायर नेली. मुलगा परदेशात शिकत होता, परत आल्यावर तो तिथे बसणार होता. पोर्टाखाली त्यांनी स्वतः, डॉक्टर असूनही वाचता येईल अशा अक्षरात, मुलाचं नाव चिकटवलं. मी दर वर्षी धूळ झाडायला जातो. चिठ्ठी पिवळी पडली आहे. मागच्या खेपेला ते माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"याचा दिवा लागत नाही. खराब झालंय का?"

"पोर्ट चांगलं आहे, सर. पलीकडे कुणी नाही म्हणून लागत नाही."

बोलून गेल्यावर मी पेटीकडेच बघत राहिलो. ते म्हणाले, "पलीकडे कुणी नाही ते मला माहीत आहे. मी पोर्टाचं विचारलं." आणि पुढचा पेशंट बघायला गेले.

आता मुख्य गोष्ट. त्याआधी एका शब्दाची ओळख करून द्यायला हवी. आमच्या बिदर-कलबुर्गी या दोन्ही जिल्ह्यांत शिक्षणसंस्थेला कुणी संस्था म्हणत नाही. ट्रस्ट म्हणतात. ट्रस्टची शाळा, ट्रस्टची बस. 'त्याचा मेहुणा ट्रस्टमदी हाय' म्हटलं की पुढचं विचारायचं नसतं. कानडीत बोला, मराठीत बोला, दखनीत बोला, शब्द हाच. या शब्दाचा इंग्रजीत 'विश्वास' असाही काही अर्थ आहे, हे आमच्याकडे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

भालकी तालुक्यात असा एक ट्रस्ट आहे. तो सुरू झाला तीन कौलारू खोल्यांतल्या मराठी शाळेने. मग कानडी शाळा आली, मग इंग्रजी, दोन मजली, आणि त्यानंतर नर्सिंग कॉलेज. प्रत्येक नवी इमारत मागच्या इमारतीपेक्षा उंच, त्यामुळे मराठी शाळेवर दुपारपासूनच सावली पडायची. इंटरनेटची पहिली वायर आली तेव्हा तीच एक पक्की कुलुपाची जागा होती, म्हणून फायरवॉलची पेटी मराठी शाळेच्या नकाशांच्या खोलीत बसली आणि तिथेच राहिली. एक पोर्ट बाहेरच्या वायरीला, एक ऑफिसला, एक कानडी-इंग्रजीला मिळून आणि एक मराठीला. चारही भरलेली.

ट्रस्टचे सेक्रेटरी शिवराजअप्पा. बियाणं-खताचं दुकान, घरात लिंगायत शरणांची वचनं, चुलत्यांशी कानडी, आईशी मराठी. त्यांचा फोन आला.

"फायरवाले, नर्सिंगला लाइन पायजे. हॉस्टेलला पायजे. क्यामेऱ्याला पायजे."

"पोर्टं संपलीत, अप्पा."

"मग मराठीचं काढा की."

इतकं सहज, की मला वाटलं थट्टा करतायत. मी म्हणालो, काढायची गरज नाही, मागे कप्पा मोकळा आहे, कार्ड बसवू. ते म्हणाले, "हौ. बसवा मग. पर नर्सिंगला जुनं पोर्ट द्या. मराठीला नव्यातलं एखादं चालतंय." कामाच्या दृष्टीने त्यात काही बिघडत नव्हतं. नर्सिंगची इमारत त्या खोलीला अगदी लागून होती, तयार वायर तिकडे वळवणं सोपं. मी हो म्हणालो.

कार्ड यायला वेळ लागला. मधे एकदा मोजमाप घ्यायला गेलो तेव्हा विमलबाई भेटल्या. मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका. निवृत्तीला आलेल्या, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, आवाज मात्र तिन्ही खोल्यांना पुरेल असा. त्यांना शाळेत सगळे बाई म्हणत. सेक्रेटरीसुद्धा, कारण शिवराजअप्पा त्यांच्याच हाताखाली शिकले होते. बाईंनी मला नकाशांच्या खोलीत गाठलं.

"आमची लाइन जाणार न्हाई न्हवं?"

"न्हाई बाई. उलट नवं पोर्ट मिळतंय."

"नव्याजुन्याचं मला काय सांगू नका. चालू राहील का ते सांगा." मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. पोरांची नावं सरकारच्या साइटवर चढवायची होती. "नावं चढली तर शाळा दिसती. न्हाई चढली तर वरच्यांच्या हिशोबी शाळाच न्हाई. उन्हाळाभर वस्त्यांवर फिरलेव मी. एकेकाच्या आईला सांगितलेव, बाई गं, घरात बोलतीस त्या भाषेत चार वर्षं शिकू दे, मग कानडीत घाल की. पुरेशी पोरं जमवलीव. आता लाइन गेली म्हणून राहिलं असं होऊ नये."

म्हणजे प्रश्न पोर्टाचा नव्हताच. शाळा राहते की जाते, हा होता, आणि तो बाईंनी एका वायरीच्या टोकाला बांधून ठेवला होता. ज्या घरांत मराठी बोलतात त्या घरांनीही पोरांना पुढे नोकरी इथेच करायची म्हणून कानडीत आणि ऐपत असली तर इंग्रजीत घालायला सुरुवात केली होती. त्यांना दोष कसा द्यायचा? माझी दोन्ही मुलं इंग्रजीत शिकली.

शाळेचं पुढे काय झालं ते लपवत नाही. आज त्या तीन खोल्यांत नर्सिंगच्या मुली रबरी हाताला इंजेक्शन द्यायला शिकतात. नकाशांच्या खोलीत एक सांगाडा टांगलाय, त्याच्या शेजारी माझी पेटी आहे. पेटीच्या आत, पोर्टांच्या यादीत, मराठी शाळेचं नाव अजून आहे. दिवा लागत नाही. ते नाव काढा असं मला कुणी सांगितलेलं नाही, आणि मी कुणाला विचारलेलं नाही. पण हे नंतरचं. मला सांगायचाय तो कार्ड बसवण्याचा दिवस.

शनिवार होता, शाळा सकाळची. पोरं घरी गेली होती. शिवराजअप्पा जातीने आले होते, कारण पेटी बंद केली की साऱ्या ट्रस्टचं इंटरनेट बंद, आणि इंग्रजी शाळेतून ओरड झाली तर सांभाळायला कुणी हवं. बाई आल्या होत्या, कारण त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता. मी पट्टी काढली, कार्ड सरकवलं. खट्ट. पेटी पुन्हा सुरू केली. ती जागी व्हायला बराच वेळ घेते. तोवर बसायला खोलीत दोन बाक होते, पोरांचे, बुटके.

बाई म्हणाल्या, "शिवराज, नीट बस. पोक काढू नको."

"व्हय बाई," म्हणून ट्रस्टचे सेक्रेटरी ताठ बसले.

"ओ फायरवाले, तुमाला सांगते. ह्याला पाढे विचारले की हा त्या भारताच्या नकाशामागं जाऊन उभा राहायचा. खाली पाय दिसायचे. मी म्हणायची, काश्मीर वर गेलं, खाली कन्याकुमारीला चप्पल कुणी घातली?"

मी मोठ्याने हसलो. अशी गोष्ट मिळाली की मी सोडत नाही, दोनतीन पुरवण्या जोडून पुढच्या गावात सांगतो. शिवराजअप्पा हसले नाहीत. बाईंनी डब्यातली शेंगापोळी पुढे केली, तीही त्यांनी घेतली नाही. "सकाळपासून पोट बरं न्हाई, बाई." ते नकाशाकडे बघत होते. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

पेटी जागी झाली. मी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि पोर्टांना नावं द्यायला लागलो. बाई मागून म्हणाल्या, "आमचं नाव मराठीत लिवा की."

"मशीन घेत न्हाई, बाई. इंग्रजी अक्षरंच घेतं."

"त्यालाबी इंग्रजी शाळेत घातलंय म्हणा."

त्यांना दिसावं म्हणून मी अक्षरं मोठी केली आणि वाकून मराठी शाळेसाठी ओढलेली नवी वायर शोधायला टेबलाखाली गेलो. इथे धंद्यातली शेवटची एक गोष्ट सांगतो. पेटीला प्रत्येक पोर्टाबद्दल एक गोष्ट ठाऊक असावी लागते: हे घरातलं की परकं? माझ्या पेटीत घरातल्याला 'ट्रस्ट' म्हणतात आणि परक्याला 'अनट्रस्ट'. कुठल्यातरी दूरच्या कारखान्यात कुणीतरी ठरवलेले शब्द. जुनी पोर्टं मी कधीच घरात घेतलेली होती. नव्या कार्डावरची पोर्टं कारखान्यातून परकी म्हणूनच येतात. आपण एक कळ दाबून घरात घेईपर्यंत ती परकीच राहतात. ती कळ मी वायर सापडल्यावर दाबणार होतो.

टेबलाखाली मला बाईंचा आवाज ऐकू आला. वर्गात फळ्यावरचं वाचून घेतात तसा, एकेक शब्द सुटा.

"ऑफिस, ट्रस्ट. कन्नड-इंग्लिश, ट्रस्ट. नर्सिंग, ट्रस्ट." मग थांबल्या. "मराठी, अनट्रस्ट."

मी वर आलो. बाई स्क्रीनकडे बघत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि आवाज तिन्ही खोल्यांना पुरणारा राहिला नव्हता.

"आमाला ट्रस्टमधून काढलं व्हय?"

खरं सांगतो, मला हसू आवरलं नाही. डाळमिलच्या नळकांड्यांपासून झेंडूपर्यंत काय काय ऐकलं होतं, पण असलं नव्हतं. मी बाईंना बाकावर बसवलं. म्हणालो, बाई, हा तुमचा ट्रस्ट न्हवं. ह्या डब्याची भाषा आहे ही. त्याला ना तुमची शाळा माहीत, ना मराठी माहीत, ना कमिटी माहीत. नव्या कार्डाला तो सगळ्यांनाच असं म्हणतो, नर्सिंगला नव्यात टाकलं असतं तर नर्सिंगला म्हटला असता. आणि हे बघा. मी कळ दाबली. अक्षरं बदलली. मराठी, ट्रस्ट. टेबलाखालची वायर वर ओढून पोर्टात खोचली. दिवा लागला. शेजारच्या वर्गातल्या कॉम्प्युटरवर सरकारची साइट उघडली आणि बाईंनी दारातून डोकावून ती आपल्या डोळ्यांनी पाहिली.

"असं व्हय," त्या म्हणाल्या. परत येऊन बाकावर बसल्या आणि पदराने तोंड पुसत हसायला लागल्या. "मला खरंच वाटलं की ओ. म्हटलं, इतकी वर्षं झाली, आणि हे मला एका डब्यानं सांगावं?"

मीही हसत होतो. गोष्ट पुरी झाली होती, पुढच्या गावात कशी रंगवायची तेही मनात ठरत आलं होतं. आता शिवराजअप्पांनी एक शेरा मारला की तिला शेपूट लागणार होतं, म्हणून मी त्यांच्याकडे वळलो.

त्यांनी माझं समजावणं ऐकलंच नव्हतं. कळ दाबलेली पाहिली नव्हती, दिवा पाहिला नव्हता. ते उभे राहिले होते, नकाशाला पाठ लावून, आणि नजर अजून स्क्रीनवर जिथे मघाशी ती ओळ होती तिथेच होती. पाढा न आलेल्या पोराच्या आवाजात ते बोलले.

"पर तुमच्या शाळेचा ठराव तर कमिटीत परवाच झाला की, बाई. ह्या डब्याला इतक्यात कुणी सांगितलं?"